बंपरला उकळतं पाणी, दाराला डेंटर, बोनेटला काहीच नाही

पत्र:
नमस्कार काका. मी आर्वी तालुक्यातल्या एका गावातून लिहितो. गेल्या वर्षी अमरावतीहून जुनी गाडी घेतली, २०१६ चं मॉडेल, चंदेरी रंग. वर्षभरात तिला तीन ठिकाणी मार बसला. मार्चमध्ये संत्र्याच्या बगिच्यात उभी असताना गारा पडल्या, बोनेटवर सहा-सात बारीक पोचे आले. मग रिव्हर्स घेताना मागचा बंपर हौदाच्या कठड्याला टेकला आणि कोपरा वाटीसारखा आत गेला. आणि आता पोळा फुटला तेव्हा फटाक्यानं शेजारच्या मोठ्या काकांचा बैल बिचकला. त्याचं शिंग मागच्या दारावरून घासत गेलं. लांब घडी पडली, रंगही उडाला. आर्वीचा डेंटर म्हणतो, बोनेट, दार, बंपर तिन्ही रंगवावे लागतील. साळा म्हणतो, मोबाइलवर सगळं दाखवतात, गरम पाणी, हेअर ड्रायर, संडासचा पंप. घरीच करू, हातोडी आहेच. एजंट म्हणतो, क्लेम टाका. बाबा म्हणतात, ‘गाडी चालते ना? मंग काहून पैसे घालून राह्यला?’ तुळशीच्या लग्नानंतर साळीचं लग्न आहे, गाडी मांडवापाशी उभी राहणार. मोठे काका भरपाई देतो म्हणतात, ती घ्यावी का, हेही सांगा.

उत्तर:
भाऊ, तुमच्या घरी चार माणसं चार गोष्टी सांगतात आणि एजंट सोडला तर तिघंही बरोबर आहेत. फक्त प्रत्येक जण वेगळ्या पोच्याबद्दल बरोबर आहे. साळेबुवा बंपरबद्दल, डेंटर दाराबद्दल आणि तुमचे बाबा बोनेटबद्दल.

पोचा केवढा आहे हे मी शेवटी पाहतो. आधी पाहतो खाली पत्रा आहे की प्लास्टिक, आणि रंग फुटला की शाबूत आहे. तळहाताएवढा पोचा रंग न फुटता आला असेल तर तो दहा वर्षं तसाच राहू शकतो, गाडीचं काही बिघडत नाही. रंग फुटलेला, नखाएवढा ओरखडा मात्र पावसाळ्यात आठवडाभरात तांबूस व्हायला लागतो. म्हणून सुरुवात दारापासून करू. पाऊस अजून संपलेला नाही.

दारावर जे ओरखडे दिसतात ते सगळे तुमच्या गाडीचे नसतील. पोळ्याला शिंगं रंगवतात. तो रंग घासताना दाराला लागलेला असणार, आणि लांबून पाहिलं की तो खोल ओरखड्यासारखाच दिसतो. दार आधी भरपूर पाण्यानं धुवा. माती राहिली आणि वरून फडकं फिरवलं तर नवे ओरखडे तुम्हीच पाडाल. मग सुती फडक्यावर थोडं रबिंग कंपाउंड घेऊन हलक्या हातानं घासा. शिंगाचा रंग निघून येईल. माझा अंदाज, अर्धं नुकसान इथंच पुसलं जाईल.

उरेल त्यावर नख फिरवा. नख अडकत नसेल तर ओरखडा फक्त वरच्या पारदर्शक थरात आहे, कंपाउंडनं जातो. नख अडकलं आणि आत राखाडी दिसलं, तर ते प्रायमर, म्हणजे रंगाखालचा थर. आणि पत्रा उघडा पडला असेल तर? तुमची पंचाईत अशी की गाडी चंदेरी आहे, उघडा पत्रा आणि रंग पटकन वेगळे ओळखू येत नाहीत. त्यावर ओलं फडकं रात्रभर ठेवा. सकाळी तांबूस ठिपका दिसला तर पत्रा उघडा आहे.

उघड्या जागेपुरतं काम घरीच करा आणि याच आठवड्यात करा. ४०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवून तेवढीच जागा घासा, तांबूसपणा पूर्ण जाईपर्यंत. वाळू द्या. फडक्याच्या टोकाला जरासं थिनर लावून एकदाच पुसा, रगडू नका, नाहीतर आजूबाजूचा चांगला रंगही सुटतो. मग बारीक ब्रशनं प्रायमरचा पातळ हात, तो वाळला की टच-अपच्या बाटलीतला रंग. रंगाचा कोड गाडीवरच्याच पट्टीवर किंवा स्टिकरवर असतो, दाराच्या खांबाजवळ किंवा इंजिनच्या बाजूला पाहा. ‘सिल्व्हर द्या’ म्हणून दुकानात उभे राहू नका. चंदेरी रंगाच्या इतक्या छटा आहेत की चुकीची आणली तर दारावर कोड फुटल्यासारखं दिसेल.

हे दिसायला सुंदर होणार नाही. ते सुंदर करायचंही नाही, गंज थांबवायचा आहे. आपल्याकडे कोकणासारखी खारी हवा नाही म्हणून लोक निर्धास्त असतात, पण गावातली गाडी काय काय वाहते ते आठवा. मागच्या सीटवर खताचं पोतं, डिक्कीत फवारणीचा पंप. ओल लागलेलं खत लोखंडाला मिठासारखंच खातं. दाराच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात, ती चिखलानं बुजली असतील तर काडी घालून मोकळी करा. मी पाहिलेली बरीच कुजलेली दारं बाहेरून मार लागून कुजलेली नव्हती, आत पाणी साचून कुजलेली होती.

आता घडी. इथं साळेबुवांच्या हातातली हातोडी काढून घ्या.

एसटीच्या वर्कशॉपात पत्र्याचं काम करण्यात माझी वर्षं गेली, त्यामुळे माझाही समज होता की मोटारीचा पत्रा म्हणजे काय मोठं. सुट्टीत साडूच्या मारुती ८०० चा मडगार्ड मी अंगणात खोलला. आतून लाकूड, बाहेरून हातोडी, तासभर ठोकलं. पोचा निघाला. पण पत्रा ताणला गेला होता. मडगार्ड बसवला आणि अंगठ्यानं दाबला तर डब्याच्या झाकणासारखा टुप्प करून आत, सोडला की टुप्प करून बाहेर. गाडी खड्ड्यातून गेली की स्वतःच वाजायचा. आमच्या वेळच्या एसटीच्या बसला ॲल्युमिनिअमचे पत्रे होते, रिव्हेटनं ठोकलेले. एखादा खराब झाला की काढून नवा लावायचा. मोटारीचा पत्रा म्हणजे पोलाद, जाडी एक मिलिमीटरही नाही, पाऊणच्या आसपास. हातोडी आणि लाकूड यांच्यामध्ये सापडला की तो पसरतो, पातळ होतो आणि कडकही होतो. पसरलेला पत्रा परत आखडायला तापवावा लागतो, ते अंगणात जमत नाही. शेवटी डेंटरनं आधी माझी दुरुस्ती काढली, मग पोचा काढला. पैसे दोन्हींचे घेतले. साडू काही बोलला नाही, पण त्यानंतर गाडी घेऊन माझ्याकडे आला नाही.

भंडाऱ्याच्या पितळेच्या कारागिरांचं काम कधी पाहिलं असेल तर एक गोष्ट ध्यानात आली असेल. पोचा पडलेल्या भांड्याच्या मध्यावर ते थेट घाव घालत नाहीत. पोचा पडतो तेव्हा मधला भाग आत जातो आणि त्याच्याभोवती एक उंचवटा उभा राहतो. तो उंचवटाच मधल्या भागाला आत धरून ठेवतो. म्हणून आधी कड हलकेच बसवायची, की मध्य निम्मा आपोआप वर येतो. जे शेवटी दबलं ते आधी सोडवायचं. तुमच्या दारावर शिंग घासत गेलं आहे, म्हणजे सुरुवातीला खोल आणि पुढे उथळ अशी लांब घडी. ती दारावरच्या ठळक रेषेला कापत गेली असेल तर ती रेष परत सरळ आणणं हा निव्वळ हाताचा सराव आहे. तो मोबाइलवर पाहून येत नाही. संडासचा पंपही इथं चालत नाही. तो चालतो दाराच्या किंवा बोनेटच्या सपाट भागावर आलेल्या मोठ्या, उथळ, गोल पोच्यावर, ज्याला कुठंही टोक नाही. घडीवर लावला तर हवा निसटते आणि पंप नुसता पच्च करतो.

डेंटरकडे जाण्याआधी एक छोटं काम. लोहचुंबकाला पातळ फडकं गुंडाळून दारावर सगळीकडे फिरवा, मग तसंच पुढच्या दारावर. मागच्या दारावर कुठं पकड ढिली लागली तर खाली पुट्टी आहे, म्हणजे तुमच्या आधीच्या मालकानं ते दार एकदा भरून घेतलं आहे. जुनी गाडी आहे, शक्य आहे. मग काम वाढेल, कारण शिंगाच्या मारानं जुनी पुट्टी तडकलेली असते आणि ती सगळी काढावी लागते. हे आधी माहीत असलं की डेंटरनं जास्त पैसे सांगितले तरी तुमचा त्याच्यावर संशय जाणार नाही.

त्याला सांगा, फक्त दार. त्याला दोन गोष्टी विचारा. पहिली, पुट्टी किती भरणार? पत्रा हातानं जेवढा सरळ होईल तेवढा करायचा आणि वर पुट्टीचा पातळ थर, दोन-तीन मिलिमीटरच्या आत. खड्डा तसाच ठेवून पुट्टीनं लिंपणारा माणूस अर्ध्या वेळात काम देतो आणि दोन उन्हाळ्यांत तडा जातो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. उन्हात उभ्या गाडीचा पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो, रात्री थंड होतो, आणि पत्रा नि पुट्टी सारख्या मापानं फुगत-आखडत नाहीत. दुसरी गोष्ट, घडी बाहेर ओढायला पत्र्यावर वॉशर, म्हणजे लोखंडी चकत्या, वेल्ड करणार का? बहुतेक करेल, त्यात चूक नाही. पण त्या ठिकाणी आतल्या बाजूचा रंग जळतो. तिथं आतून गंजरोधक मारून द्या म्हणावं. हे कुणी आपणहून करत नाही, सांगितलं तर करतात. दाराचं आतलं पॅड काढलं तर त्यामागचा प्लास्टिकचा कागद परत नीट चिकटवून घ्या. तो फाटका राहिला की पहिल्याच पावसात पायाखालचं मॅटिंग ओलं.

रंग शेजारच्या पत्र्यावर थोडा उतरवावा लागेल असं पेंटर म्हणाला तर तो लुटतो आहे असं समजू नका. चंदेरी रंगात ॲल्युमिनिअमची बारीक चकाकी असते, ती कशी बसते त्यावर छटा ठरते. दार नेमकं कडेपर्यंत रंगवलं तर रंग तोच असूनही दोन दारं दोन गाड्यांची वाटतात.

दिवस कोणता धरायचा? आता नको. दमट हवेत रंगावर पांढुरकी झाक येते. भर उन्हाळ्यातही नको, तेव्हा रंग पत्र्यावर पोचायच्या आधी हवेतच वाळतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. त्याला पेंटर लोक ऑरेंज पील म्हणतात, संत्र्याची साल. तुमच्या भागात याचा अर्थ समजावून सांगायला नको. दसऱ्याच्या आसपास हवा कोरडी झाली की द्या, दिवाळीच्या गर्दीआधी. लग्नापर्यंत रंगाला मुरायला वेळ मिळेल. महिनाभर वॅक्स, पॉलिश काही नको.

आणि रंगाची स्प्रे-गन आणून गोठ्यात फवारू, असा बेत शिजत असेल तर तो मोडा. हार्डनर मिसळलेल्या रंगाची वाफ फुप्फुसाला वाईट असते, तोंडाला बांधलेला दुपट्टा तिला अडवत नाही.

आता साळेबुवांच्या आवडीचं काम, बंपर. तो प्लास्टिकचा असतो आणि उकळत्या पाण्याचा उपाय तिथं खरोखर चालतो. हे प्लास्टिक १६० अंशांच्या आसपास वितळतं, पाणी १०० ला उकळतं. म्हणजे पाण्यानं ते मऊ होईल, पण वितळणार नाही. म्हणूनच हीट गनपेक्षा चुलीवरचं पातेलं बरं. हीट गन हातात असली की दहा सेकंद जास्त धरली जाते आणि रंगाला फोड येतात.

आधी रंगाला तडे गेलेत का ते पाहा. बारीक तडे असतील तर आकार येईल, पण तडे राहतील, ते मान्य असेल तरच पुढे जा. बाजारातून बसवलेले रिव्हर्स सेन्सर असतील तर त्यांची वायर कोपऱ्यातून गेली आहे का बघा. मागच्या चाकावरच्या कमानीत प्लास्टिकचं अस्तर असतं, त्याचे दोन-तीन स्क्रू काढले की बंपरच्या आत हात जातो. दुपारी करा, सकाळच्या गारव्यात नको. बंपर आधीच उन्हानं कोमट झालेला असला की निम्मं काम झालं. दोन माणसं लागतात. एकानं उकळतं पाणी बाहेरून पोच्यावर आणि विशेषतः त्याच्या कडेवर हळूहळू ओतायचं, दुसऱ्यानं जाड रबरी हातमोजे घालून आतून दाबायचं. ओतणाऱ्यानं दुसऱ्याच्या हाताकडे लक्ष द्यायचं, बंपरकडे नव्हे. मुलांना त्या वेळी अंगणात येऊ देऊ नका. दाबायला टोकदार काही नको. फडकं गुंडाळलेलं लाटणं चालतं, चेंडू त्याहून बरा. एकदा ओतून निघत नाही. तीन-चार पातेली लागतात. एकदम ‘भक्क’ करून बाहेर आला की लगेच गार पाणी ओता, म्हणजे आकार तिथं धरून राहील. नाहीच निघाला तर जोर वाढवू नका. आतली पट्टी किंवा क्लिप मोडली असेल, मग तो डेंटरकडे खोलून घ्यावा. दार द्यायला जालच, तेव्हाच दाखवा.

हाच उपाय पत्र्यावर करून पाहू नका. उकळत्या पाण्यानं पोलादाला काही होत नाही. हेअर ड्रायरनं तापवायचं आणि लगेच बर्फानं थंड करायचं, हा प्रयोग एखाद्या उथळ पोच्यावर नशिबानं जमतो, बहुतेक वेळा नाही. रंगाला त्रास मात्र दर वेळी होतो.

बोनेटवरच्या गारांच्या पोच्यांना काहीच करू नका. रंग फुटलेला नाही, गंज येणार नाही. सहा-सात टिकल्यांसाठी अख्खं बोनेट रंगवून घेणं म्हणजे चांगला रंग घालवून साधा रंग विकत घेणं. कारखान्यात रंग लावलेली बॉडी भट्टीत १४० अंशांच्या आसपास भाजतात, तेव्हा तिच्यात ना सीट असते ना वायर. पुरी जोडलेली गाडी तेवढी तापवता येत नाही, म्हणून चांगल्या गॅरेजची भट्टीही साठ अंशांच्या आसपासच थांबते. पहिला रंग परत मिळत नाही. रंग न लावता पोचे काढणारे कारागीर मोठ्या शहरात असतात. मागून लांब सळ्या घालून, ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पत्र्यावर पाहत ते एक-एक पोचा वर उचलतात. गारांचे पोचे हे त्यांचं ठरलेलं काम. नागपूरला दुसऱ्या कामानं जाणं झालं तर दाखवा, मुद्दाम जाऊ नका. लग्नात बोनेटवर फुलांची माळ येणारच आहे.

क्लेमचं. तुमचा विमा थर्ड पार्टी असेल तर विषयच मिटला, त्यात स्वतःच्या गाडीचं नुकसान मिळत नाही. पूर्ण विमा असेल तरी गारा, हौद आणि बैल या तीन वेगळ्या घटना. तीन घटनांचे तीन क्लेम, आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला प्रत्येक क्लेममध्ये पहिले १,००० रुपये तुमचेच. झीरो डेप, म्हणजे घसारा न कापणारा जोडविमा, घेतला नसेल तर प्लास्टिकच्या भागाची आणि रंगाच्या मालाची निम्मी किंमतही तुमच्याच अंगावर. खरी मेख नो-क्लेम बोनसमध्ये आहे. पाच वर्षं क्लेम नसेल तर स्वतःच्या नुकसानीच्या प्रीमियमवर ५० टक्के सूट मिळते. एक क्लेम केला की ती शून्यावर येते, मग वर्षागणिक २०, २५, ३५, ४५ करत परत ५० वर चढते. समजा तो प्रीमियम ६,००० रुपये आहे आणि तेवढाच राहतो. मग पहिल्या वर्षी ३,००० गेले, पुढे १,८००, १,५००, ९००, ३००. एकूण ७,५००. तुमची सूट आज ५० टक्के असेल आणि एका दाराचं काम त्याच्या आत होत असेल, तर क्लेम टाकून तुम्ही तोट्यात. एजंटला हा हिशेब येतो. त्यानं तो सांगितला नाही, एवढंच.

मोठ्या काकांकडून पैसे घेऊ नका. पोळ्याच्या दिवशी ती वाट बैलांची असते. गाडी बैलाच्या वाटेत उभी होती, बैल गाडीच्या वाटेत आला नव्हता. त्यांना बरंच अपराधी वाटत असेल तर दार द्यायला जाल त्या दिवशी त्यांना सोबत घेऊन जा, आर्वीत चहा त्यांच्याकडून प्या. परतीला तुमची गाडी गॅरेजमध्येच राहील, एसटीनं यावं लागेल. दोघं असलात तर वेळ जाईल.

लोहचुंबकाची तपासणी आणि ओरखड्यांचं टच-अप तेवढं पुढच्या उघडिपीत उरकून घ्या, दसऱ्याची वाट पाहू नका. आणि बंपर कितव्या पातेल्याला निघाला ते कळवा. मी तिसऱ्यावर धरून बसलो आहे.